प्रकल्प नोंदी: ऑफसेटच्या प्लेटवर पाण्याचा थेंब (एमएस्सी फिजिक्स, लातूर)

11 जानेवारी

विषय फायनल झाला. एकाच पृष्ठभागावर काही भाग पाणी धरणारा अन् काही भाग पाणी टाळणारा, असा केमिकल पॅटर्न असला की द्रव कसा पसरतो, कुठं अडतो, कडेला किती कोन करतो (कोन मोठा म्हणजे थेंब फुगीर, लहान म्हणजे सपाट), ते मोजायचं. सरांचं पहिलं वाक्य, "आपल्याकडं ना प्लाझ्मा क्लीनर आहे ना यूव्ही-ओझोन, पॅटर्न बनवणार कशावर?" पेपरांमध्ये सगळे सोन्यावर थायॉल नाहीतर सिलिकॉनवर सिलेन अशा रसायनाचा एका रेणूच्या जाडीचा थर देतात, अन् मास्क लावून पाहिजे तिथला थर उडवतात. आमच्या लॅबमध्ये यातलं काहीही होणार नाही.

पण असा पॅटर्न केलेला पृष्ठभाग लातुरात रोज तयार होतो की. क्लासेसच्या नोट्स अन् टेस्ट पेपर छापणारे एवढे प्रेस आहेत इथं, अन् ऑफसेटची प्लेट म्हणजे दुसरं काय असतं? ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मजकुराच्या जागी शाई धरणारा थर, बाकी मोकळ्या जागेत पाणी धरणारा ऑक्साइड, अन् दोन्ही एकाच पातळीत, कोरीवकाम वगैरे काही नाही. दगडावरून छपाई शोधणाऱ्या सेनेफेल्डरनं 1796 च्या सुमारास बव्हेरियातल्या चुनखडीच्या दगडावर हेच सुरू केलं, तेल पाण्यापासून लांब राहतं एवढ्याच भांडवलावर. सर आधी हसले अन् मग म्हणले, आण बरं एक प्लेट.

18 जानेवारी

गंजगोलाईच्या मागं एका प्रेसवर जाऊन आले. मशीनवर जे मामा आहेत त्यांनी प्लेट हातात दिली, थर हिरवट-निळा, मोकळा भाग राखाडी. त्यांना म्हणलं मला यावर पाण्याचा थेंब ठेवून फोटो काढायचेत, तर म्हणाले, "माय, तू फिजिक्सची का छपाईची? आमी तर दिवसभर हेच करायलोय, पाणी जास्त झालं की शाई फिकी, कमी झालं की मोकळ्या जागेवर शाई चढते." म्हणजे वेटिंगचा (पृष्ठभाग ओला होण्याचा) प्रॉब्लेम ते रोज कानानं अन् डोळ्यानं सोडवतात, शाईच्या रोलरचा आवाज बदलला की पाण्याची चकती फिरवतात.

प्लेट हे लोक स्वतः करत नाहीत, गावातल्या सीटीपी (कॉम्प्युटर-टू-प्लेट) सेंटरवरून आणतात. तिथं 830 नॅनोमीटरच्या लेझरनं थर उडवायच्या जागा एक्स्पोज करतात अन् अल्कलीच्या डेव्हलपरमध्ये तेवढाच भाग विरघळतो. मशीन 2400 डीपीआयची (इंचात 2400 ठिपके), म्हणजे एक ठिपका साधारण 10.6 मायक्रॉन. आमच्या लॅबमध्ये 10 मायक्रॉनची कड कुणी जन्मात करू शकलं नसतं. एका ब्रोशरच्या प्लेटला कडेला जागा मोकळी राहते, तिथं माझं डिझाइन टाकून देतो म्हणाले, वेगळे पैसे नाहीत.

24 जानेवारी

पीडीएफ दिली. त्यात 10 टक्क्यांपासून 90 टक्क्यांपर्यंतचे टिंट (इंचाला 175 लाइनचा स्क्रीन, म्हणजे ठिपक्यापासून ठिपका साधारण 0.145 मिमी), 0.3 मिमीच्या पट्ट्या, 1 मिमीच्या लांब पट्ट्या, अन् भरीव थरात 2 मिमीची गोल भोकं, आणि त्याचं उलटं. टिंटवाली आयडिया मला स्वतःला फार आवडलीये. 30 टक्के टिंट म्हणजे 30 टक्के क्षेत्रफळावर थर, बाकी मोकळं. मिश्र पृष्ठभागावरचा कोन सांगणाऱ्या कॅसीच्या समीकरणात जो f (एका भागाचा क्षेत्रफळातला वाटा) लागतो तो छपाईवाले आयता देतात.

2 फेब्रुवारी

प्लेट आली. पहिला थेंब ठेवला तर थरावर पण सपाट अन् मोकळ्या जागेवर पण सपाट, काहीच फरक नाही. मामांना फोन केला, ते म्हणाले गम धुतला का. प्लेट प्रोसेसरमधून निघताना तिच्यावर गोंदाचा पातळ थर देतात, तो धुवायचा असतो. डिस्टिल्ड पाण्यानं धुतली, कोपऱ्यावर उभी करून सुकवली.

मग तोंड जवळ नेऊन नुसती एक फुंकर मारली, हा करून, चष्म्याच्या काचेवर मारतो तशी. मोकळ्या भागावर वाफेचा एकसंध पातळ थर बसला, तो दिसतच नाही, फक्त राखाडी रंग जरा गडद होतो. थरावर मात्र बारीक बारीक थेंब झाले अन् तेवढाच भाग दुधाळ झाला. 0.3 मिमीच्या पट्ट्या एकेक करून मोजता येत होत्या. दोन-तीन सेकंदांत सगळं उडून गेलं. याला ब्रेथ फिगर म्हणतात, लॉर्ड रॅलेनं 1911 मध्ये यावर लिहिलंय. आता प्लेट स्वच्छ आहे का नाही हे बघायला रोज आधी फुंकर. कुठं डाग असला तर लगेच कळतो, कोन मोजत बसायची गरज नाही.

गम कशाला देतात तेही कळलं. धुतलेली प्लेट उघडी ठेवली तर मोकळा ऑक्साइड हवेतले तेलकट रेणू ओढून घेतो अन् पाणी धरायचं कमी करतो. म्हणून मोजायच्या दिवशीच तेवढा तुकडा धुवायचा, बाकी गमखाली राहू द्यायचं.

5 फेब्रुवारी

सेटअप: मोबाईल, क्लिपवाली मॅक्रो लेन्स, मागं बटर पेपर अन् त्यामागं एलईडी बल्ब, प्लेटखाली स्पिरिट लेव्हल. मायक्रोपिपेट मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडून मागून आणलं, सही करून. फोटोवरून कोन काढायला इमेज-जे अन् त्यातलं ड्रॉपस्नेक प्लगइन, दोन्ही फुकट. पाणी डिपार्टमेंटच्या डिस्टिलेशनचं, बोअरचं नाही. बोअरचा थेंब सुकला की पांढरी रिंग सोडतो अन् तो तुकडा गेलाच म्हणायचं.

भरीव थरावर पाणी वाढवत नेताना कोन 75 अंशांच्या आसपास, पाणी ओढून घेताना 45 च्या खाली. मोकळ्या भागावर 10 पेक्षा कमी, खरं तर कोन धरताच येत नाही, कारण ऑफसेटचा ॲल्युमिनियम मुद्दाम खरखरीत केलेला असतो अन् पाणी त्या खरखरीतून आपोआप पसरतं.

75 अन् 45 मधला हा फरक म्हणजे हिस्टेरिसिस. पुस्तकात एका द्रवाला एका पृष्ठभागावर एकच कोन असतो असं शिकवतात, थॉमस यंगच्या समीकरणातून येणारा. गंमत म्हणजे यंगच्या 1805 च्या निबंधात ते समीकरण समीकरण म्हणून नाहीच, सगळं शब्दांत सांगितलंय, चिन्हं नंतरच्यांनी घातली.

9 फेब्रुवारी

आज टिंट. कॅसीचं म्हणणं असं की मिश्र पृष्ठभागाच्या कोनाचा कोसाइन म्हणजे दोन्ही भागांच्या कोसाइनची क्षेत्रफळानुसार सरासरी. कॅसी अन् बॅक्स्टर इंग्लंडात लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत होते, 1944 चा त्यांचा पेपर सच्छिद्र पृष्ठभागांवरचा, लोकरीचं कापड पाणी कसं टाळतं त्यावरून निघालेला, अन् सपाट मिश्र पृष्ठभागाचं कॅसीनं 1948 मध्ये लिहिलं.

माझे आकडे घातले तर 20 टक्के टिंटला 32 अंश यायला पाहिजेत, 50 ला 51, 80 ला 66. पाणी वाढवत नेताना मोजलेले: 20 टक्क्यांवर 20 च्या खाली, थेंब नुसता पळतो. 50 वर साठीच्या जरा वर. 80 वर 73, म्हणजे जवळजवळ भरीव थराएवढाच, मधली 20 टक्के मोकळी जागा जणू नाहीच. अन् पाणी ओढून घेताना तर 50 पर्यंतचे सगळे टिंट सपाटच, कड हलतच नाही.

10 फेब्रुवारी

परत तेच आलं.

17 फेब्रुवारी

सर म्हणले मोजण्यात गडबड असेल. मला तसं वाटत नाही, कारण चूक असती तर आकडे वरखाली विखुरले असते, इथं ते एका बाजूला खाली अन् दुसऱ्या बाजूला वर ठरवून चाललेत.

भिंगातून टिंट नीट बघितला. 20 टक्क्यांत थराचे ठिपके सुटे सुटे बेटांसारखे आहेत अन् मोकळी जागा सलग. पाण्याला पुढं जायचं असलं तर बेटांना वळसा घालून सलग रस्ता आहे. 80 टक्क्यांत उलटं, थर सलग अन् मोकळी जागा म्हणजे सुटी भोकं. पाणी पुढं सरकताना त्याच्या कडेपुढं कायम थरच आहे, मग ते 75 करणारच. 50 च्या आसपास ठिपक्यांचे कोपरे एकमेकांना टेकतात अन् पारडं फिरतं. टक्केवारीपेक्षा कोण सलग आहे हे महत्त्वाचं दिसतंय.

वाचताना कळलं की यावर भांडण होऊन गेलंय. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या गाओ अन् मॅकार्थी यांनी 2007 मध्ये सरळ म्हणलं की थेंबाखाली काय आहे याचा संबंध नाही, कोन ठरतो तो थेंबाच्या कडेला. त्यावर मॅकहेलनं उत्तर दिलं की समीकरण टाकून द्यायची गरज नाही, फक्त f थेंबाखालचा सरसकट न धरता कडेजवळचा धरा. मला मॅकहेलचं पटतंय, पण माझ्या टिंटांना तेही पुरत नाही, कारण माझ्या टिंटात f सगळीकडं सारखाच आहे, तरी कोन सरासरीचा नाही. सरासरी येण्यासाठी कडेला प्रत्येक ठिपक्यावरून पुढंमागं होऊन सगळ्यात कमी ऊर्जेची जागा शोधता आली पाहिजे. ती तर पहिल्याच अडथळ्यावर अडकून बसते.

24 फेब्रुवारी

भोकाची टेस्ट. भरीव थरात 2 मिमीचं गोल मोकळं भोक, त्याच्या बरोबर मधी 5 मायक्रोलिटरचा थेंब. थेंबाचा पाया 3 मिमी झाला, म्हणजे खालच्या क्षेत्रफळातलं 44 टक्के भोक. पूर्ण क्षेत्रफळ धरलं तर कोन 54 यायला पाहिजे. आला 75. भोक नसलेल्या जागी तेवढाच थेंब ठेवला, तिथं पण 75. दोन्ही फोटो शेजारी लावून सरांना दाखवले अन् विचारलं यातला भोकावरचा कोणता, त्यांना सांगता आलं नाही.

उलट टेस्टमध्ये (मोकळ्या भागात 2 मिमीची थराची टिकली) थेंब टिकलीवरून उतरून पसरून गेला, टिकली मधी आहे याची त्याला पर्वा नाही.

5 मार्च

0.3 मिमीच्या पट्ट्यांवर थेंब गोल राहतच नाही, पट्ट्यांच्या दिशेनं लांबतो. दोन बाजूंनी फोटो काढावे लागतात. पट्ट्यांच्या रेषेत बघितलं तर कोन मोठा दिसतो, आडव्या बाजूनं बघितलं तर लहान. कारण तेच, पट्टीच्या दिशेनं मोकळा रस्ता आहे, पट्टी ओलांडायची म्हणली की थर आडवा येतो.

पाणी हळूहळू वाढवत व्हिडिओ काढला, तो बघायला खरंच मजा येते. कड थराच्या सीमेवर थांबते, कोन फुगत जातो, 75 च्या आसपास पोचला की एकदम उडी मारून पुढच्या मोकळ्या पट्टीच्या शेवटाला जाऊन थांबते अन् कोन खाली येतो. परत फुगणं, परत उडी. दोन्ही बाजू एकाच वेळी उडी मारत नाहीत, कधी डावी कधी उजवी, त्यामुळं थेंब एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

19 मार्च

ऊन. लॅबमध्ये 38, अन् हवा एवढी कोरडी की 2 मायक्रोलिटरचा थेंब फोकस करेपर्यंत बारीक होतो. अन् तो बारीक होताना पाया तेवढाच ठेवतो, फक्त कोन पडत जातो, म्हणजे मी काही न करता तो स्वतःच पाणी ओढून घ्यायचा प्रयोग करायलाय. उशिरा काढलेल्या फोटोत कोन कमी दिसतो तो यामुळं. कूलर लावला तर हवेत ओल येते पण टेबल थरथरतं अन् थेंब हलतो. शेवटी प्लॅस्टिकचा डबा उपडा घालून त्यात ओला कापूस ठेवला, पुढं काचेची खिडकी कापून. सकाळी 7 ते 10 एवढंच काम.

27 मार्च

आता फुगवट्याचा भाग. 1999 मध्ये गाऊ, हर्मिंगहाउस, लेन्झ अन् लिपोव्स्की यांनी दाखवलं की पाणी टाळणाऱ्या पृष्ठभागावरच्या पाणी धरणाऱ्या पट्टीवर पाणी साचवत नेलं तर आधी ते पट्टीभर सारख्या जाडीचं राहतं, अन् एका मर्यादेपलीकडं अचानक एकाच जागी फुगवटा येतो. ती मर्यादा म्हणजे कडेचा कोन 90.

कागदावर करून बघितलं तर सोपं आहे. पट्टीची रुंदी w, दोन्ही कडा सीमेवर अडकलेल्या, तर पाण्याच्या पाठीची वक्रता-त्रिज्या w भागिले 2 साइन θ (θ म्हणजे कडेचा कोन). आतला दाब म्हणजे पृष्ठताण भागिले ही त्रिज्या. θ 90 ला त्रिज्या सगळ्यात कमी, दाब सगळ्यात जास्त. 1 मिमीच्या पट्टीला हा दाब 140 पास्कल, म्हणजे 14 मिमी पाण्याच्या उंचीएवढा, अन् पाण्याची उंची स्वतः जेमतेम अर्धा मिमी, म्हणून इथं गुरुत्वाकर्षणाचं फार चालत नाही. 90 च्या आत कुठं जरा पाणी जास्त झालं तर तिथला दाब वाढतो अन् पाणी परत वाटलं जातं. 90 च्या पुढं उलटं, जिथं जास्त पाणी तिथं दाब कमी, मग बाकीचं पाणी तिकडंच जातं. नळीनं जोडलेल्या दोन फुग्यांत लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो, तसं.

माझ्या प्लेटवर केलं, फुगवटा नाही. येणारच नाही! थर 75 ला सोडून देतो, 90 पर्यंत पोचायच्या आधीच पाणी सीमा ओलांडून बाहेर सांडतं. ऑफसेटला 75 भरपूर होतात, तिथं शाई मदतीला असते. मला 90 च्या वर कोन देणारा पृष्ठभाग पाहिजे.

4 एप्रिल

उपाय सापडला, अन् तो नंबर प्लेटच्या रेडियमवाल्याकडं. गाडीच्या पुढच्या काचेवर पावसात पाणी थांबू नये म्हणून जे लिक्विड चोळतात ते मायक्रोस्कोपच्या स्लाइडला चोळलं, पाण्याचा कोन 104-105. आता त्यात पट्टी कशी काढायची? स्टिकर लावून उरलेल्या जागी लिक्विड चोळलं तर स्टिकर काढल्यावर त्याचा गोंद काचेवर राहतो अन् नेमका पाणी धरणारा भागच खराब. म्हणून उलटं केलं. आधी सगळ्या स्लाइडला लिक्विड, मग रेडियमवाल्याच्या प्लॉटरवर कापलेला स्टिकर, त्यात 1 मिमीची फट, 4 सेंमी लांब. फटीत सेरियम ऑक्साइडची पेस्ट (काचेचे ओरखडे घालवायला वापरतात ती) इअरबडनं घासायची. थर निघून ताजी काच उघडी पडते अन् ताज्या काचेवर पाणी सपाट पसरतं. धुवायचं, स्टिकर काढायचा, गोंद राहिलाच तर तो थराच्या बाजूला राहतो, तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात.

रेडियमवाला विचारत होता, "ताई, नुसती एक रेघ? नाव नको?"

फुंकर मारून बघितलं, रेघ स्पष्ट. कड प्लेटएवढी सरळ नाही, भिंगाखाली जरा दातेरी दिसते.

12 एप्रिल

आला फुगवटा!! अर्धगोल नळीचा हिशोब केला तर 1 मिमी रुंद, 4 सेंमी लांब पट्टीवर 90 अंशाला साधारण 16 मायक्रोलिटर बसतात. 2-2 करत वाढवत गेले. 14 पर्यंत पट्टीभर एकसारखी पाण्याची दोरी, वरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब एक सरळ रेघ. 16 ला पण तशीच. 18 टाकल्यावर प्रतिबिंबाची रेघ एका जागी वाकली, अन् मग बघता बघता तिथं पोट आलं, बाकीची दोरी बारीक झाली. पाणी टाकलं होतं डाव्या टोकाला, फुगवटा आला उजवीकडं. हे महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर कुणीही म्हणेल टाकलं तिथंच साचलं.

15 एप्रिल

घरी व्हिडिओ दाखवला. पप्पांचा प्रश्न, याचा लातूरला पाण्यासाठी काही उपयोग आहे का. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तेव्हापासून आमच्याकडं कुठलाही विषय तिथंच येतो. त्यांनी कुठंतरी नामिबच्या वाळवंटातल्या भुंग्याचं वाचलंय, पाठीवर पाणी धरणारे उंचवटे अन् मधी मेणचट भाग, त्यावर धुकं साचवून पाणी पितो म्हणे. पार्कर अन् लॉरेन्स यांचा 2001 चा पेपर आहे तो. पण 2010 मध्ये नॉरगार्ड अन् डाके यांनी चार जातींचे भुंगे धुक्यात ठेवून बघितले तर डोकं खाली करून पाणी पिणारा निघाला दुसराच, त्याच्या पाठीवर तसे उंचवटे नाहीत, उंचवटेवाला स्टेनोकारा तसं करत नाही.

अन् लातूरचं म्हणाल तर एप्रिलमध्ये धुकं कुठलं? 40 अंश अन् 15 टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू येतो 8 अंशाच्या आसपास. पत्रा 32 अंशांनी थंड करायचा, तेव्हा पहिला थेंब. तेवढ्या विजेत टँकर येईल. पॅटर्न नुसता साचलेलं पाणी कुठं गोळा व्हायचं ते ठरवतो, हवेत नसलेलं पाणी तो आणत नाही, हे पप्पांना सांगितलं तर म्हणले मग आधी विहिरीचा गाळ काढू.

21 एप्रिल

फुगवट्याच्या जागेवर काम. आदर्श पट्टीवर तो कुठंही यायला पाहिजे, माझ्या स्लाइडवर मात्र वाळवून परत पाणी टाकलं तरी ठरलेल्या जागीच येतो. भिंगाखाली बघितलं, तिथं इअरबड जास्त घासल्यामुळं पट्टी जराशी रुंद झालीये. रुंद म्हणजे त्याच कोनाला त्रिज्या मोठी, दाब कमी, पाणी तिकडं जाणारच.

मग रेडियमवाल्याकडून मुद्दाम नवीन स्टिकर कापून आणले, 1 मिमीच्या पट्टीत डावीकडं एका जागी 1.2 मिमी. फुगवटा डावीकडं. स्लाइड उलटी फिरवून ठेवली, फुगवटा उजवीकडं, म्हणजे टेबल तिरकं असल्याची शंका पण गेली.

सरांचं म्हणणं आता 1.05 पण करून बघ, किती कमी रुंदीला तो ऐकतो. प्लॉटरच्या ब्लेडला एवढा फरक झेपणार नाही. सीटीपी सेंटरच्या प्लेटला झेपेल, पण तिथं परत 75 आडवा येतो. पाण्याच्या जागी जास्त पृष्ठताणाचा द्रव घेतला तर थरावर कोन 90 च्या वर जाईल का, असं सरांना विचारलं. पारा सोडला तर पाण्याच्या बराच वर जाणारा साधा द्रव नाही, मिठाचं संपृक्त पाणी घेतलं तरी कोन फार तर 80 च्या घरात. म्हणून प्लेटच्या थरावरच काचेचं लिक्विड लागतं का ते बघायचं ठरलंय, मोकळ्या भागावर गम ठेवून, म्हणजे लिक्विड तिथं चिकटणार नाही अन् नंतर गम पाण्यानं निघून जाईल. मामांकडून दोन तुकडे आणलेत. पिपेट सोमवारी परत द्यायचंय, त्याच्या आत उरकायला पाहिजे.